बिनलग्नाचे दोन मामाआजोबा, दोन पोरं, बारा दिवस : कुठले सिनेमे दाखवू?

पत्रिकावाला | रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. घरात माणसं दोन. मी, वय ५६, आणि आमचा दादा, वय ६२. दोघंही बिनलग्नाचे. कारणं वेगवेगळी आहेत, ती इथं नकोत. दादा आयटीआयमध्ये टर्नर शिकवायचा, आता रिटायर. माझा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. हसा, सगळेच हसतात. तीस वर्षं पत्रिकांच्या तळाला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ छापतोय, पण आमच्या स्वतःच्या भाचीच्या तोंडी ती घालायची वेळ आम्ही दोघांनीही येऊ दिली नाही.

ही भाची आता ३४ची आहे. पुण्याला असते, नवरा मर्चंट नेव्हीत, बोटीवर. मागच्या आठवड्यात तिच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन ठरलं. आमची ताई, म्हणजे भाचीची आई, पाच वर्षांपूर्वी गेली. त्यामुळे तिला माहेर म्हणायला आम्ही दोन खांब. शाळांना दिवाळीची सुट्टी लागली त्या संध्याकाळी फोन आला, “मामा, पोरांना बारा दिवस ठेवून घ्याल?” फोन स्पीकरवर होता. मी “अगं, पण...” म्हणेपर्यंत दादानं पेपरातून मान वर न काढता “पाठव” म्हणून टाकलं.

थोरली सात वर्षांची, धाकटा साडेचार. आम्ही ‘मोठे आजोबा’ आणि ‘छोटे आजोबा’. बाप न होता थेट आजोबा झालो, मधली पायरीच गाळली.

पहिल्या सकाळी थोरली कंगवा आणि दोन रबरं घेऊन माझ्यासमोर पाठ करून बसली. केस कमरेपर्यंत. माझे हात गळाले. दादानं गप कंगवा घेतला. हा माणूस जन्मभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून पोरांना ओरडलेला. त्यानं कपाळापासून मानेपर्यंत भांग पाडला तो ओळंब्यात. मग पोहऱ्याचा दोर वळावा तशा दोन तिपेडी वेण्या घातल्या. इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर चढल्या. “मोठे आजोबा, मला डोळे मिटता येत नाहीत,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी फार सैल झाल्या, दुपारपर्यंत सुटल्या. आज बरोबर जमल्या.

तर मुद्दा सिनेमाचा. काल रात्री धाकट्यानं आईच्या नावानं सूर लावला, तो काही केल्या थांबेना. म्हणून मी ‘ओल्ड डॉग्ज’ लावला. जॉन ट्रॅव्होल्टा आणि रॉबिन विल्यम्स. न्यूयॉर्कमधले दोन पन्नाशी उलटलेले दोस्त, भागीदारीत कंपनी, जपानी लोकांशी मोठा सौदा ऐन तोंडावर आलेला, आणि मध्येच सात वर्षांची जुळी घरात येऊन पडतात. त्यांच्या आईला एका आंदोलनापायी दोन आठवडे तुरुंगात जायचंय. मी इंग्रजीचं जमेल तसं मराठी करून सांगत होतो. जो येतो तो त्या दोघांना त्या पोरांचे आजोबाच समजतो. तिथं दादा पहिल्यांदा हसला.

मग गोळ्यांचा प्रसंग. पोरं दोघांच्या औषधांची सरमिसळ करतात. एकाला गोल्फ खेळताना अंतराचा अंदाज येईना, दुसऱ्याचा चेहरा हसरा होऊन तसाच आखडतो, तोही शोकसभेसारख्या ठिकाणी. पोरं लोळून लोळून हसत होती. दादा उठला, फडताळावरचा आपला बीपीचा आणि शुगरचा सात खणांचा डबा उचलला आणि माळ्यावर ठेवून आला. आता रोज सकाळी गोळी घ्यायला शिडी लावतो.

माझे प्रश्न दोन. एक, असे आणखी सिनेमे सुचवा. उतारवयातले सडेफटिंग आणि गळ्यात पडलेली पोरं. अजून नऊ रात्री काढायच्या आहेत.

दुसरा प्रश्न मला स्वतःला पडलाय. या सिनेमांत बिनलग्नाचा माणूस इतका बावळट का दाखवतात? त्याला दूध तापवता येत नाही, पोराला उचलायचं कसं ते कळत नाही. अहो, आम्ही दोघं तीस वर्षं स्वतःचं करून खातोय. कुकरच्या किती शिट्ट्यांना तुरीची डाळ शिजते ते आम्हाला चांगलं कळतं. अडतं ते भलतीकडेच. धाकट्यानं परवा विचारलं, “तुमची आई कुठाय?” मी म्हटलं, “देवाघरी.” “आणि आमची आजी?” “तीपण.” त्यावर तो म्हणाला, “मग तुम्हाला रागवतं कोण?” आता याला सिनेमात कुठं उत्तर आहे?


निळीशाई | रात्री ११:५८

काका, आधी तुमच्या दादांना माझा दंडवत. माझ्या नवऱ्याला लग्नाला अकरा वर्षं होऊनही मुलीचा भांग सरळ पाडता येत नाही. तो ‘झिगझॅग फॅशन’ म्हणतो.

तुमचा दुसरा प्रश्न मला आवडला, पण थोडं टोचून घ्या. दोन पुरुषांनी पोरं सांभाळली की त्याचा सिनेमा होतो. बाईनं सांभाळली की तो मंगळवार असतो. बावळटपणा दाखवल्याशिवाय त्यात दोन तासांची गोष्टच उभी राहत नाही. तुमच्यासारखे डाळीच्या शिट्ट्या मोजणारे दाखवले तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील.

आणि रोज सिनेमा कशाला? दिवाळी आहे, अंगण आहे, किल्ला करायला घ्या. धाकट्याला चिखल द्या, संध्याकाळी सातला झोपेल. हा माझा अनुभव आहे, सिद्धांत नाही.

‘हे बेबी’ (२००७) मात्र पोरांसमोर लावू नका. अक्षयकुमार, फरदीन खान आणि आपला रितेश, तिघे सिडनीत राहतात आणि दारात बाळ सापडतं, असं ऐकून आम्ही मुलीला घेऊन बसलो. पहिल्या अर्ध्या तासात तिला तीनदा पाणी आणायला पाठवावं लागलं.


रीळवेडा | सकाळी ७:१५

विषय माझ्या आवडीचा असल्यामुळे जरा लांबण लावतो.

‘ओल्ड डॉग्ज’ (२००९) समीक्षकांनी धू धू धुतला होता, रॅझीची, म्हणजे वर्षातल्या वाईट सिनेमांना देतात त्या बक्षिसांची, नामांकनंही मिळाली. मला तो भिकारच वाटतो. गोरिलाच्या मिठीचा प्रसंग बघताना मान खाली घातली होती. पण त्यात एक घरगुती गंमत आहे. जुळ्यांतली मुलगी ही ट्रॅव्होल्टाची खरीखुरी लेक आणि त्यांची आई झालेली केली प्रेस्टन ही त्याची खरी बायको होती. म्हणजे पडद्यावर जो माणूस ‘ही कुणाची पोरं माझ्या घरात’ म्हणून वैतागतोय, तो सेटवरून घरी त्याच पोरीला घेऊन जात असणार. बाहुल्यांचा खेळ करणारा बर्नी मॅक सिनेमा लागायच्या वर्षभर आधीच गेला होता. आणि पत्रिकावाले, एक दुरुस्ती : रॉबिन विल्यम्सचं पात्र अगदी ब्रह्मचारी नाही. त्याचं एक औट घटकेचं लग्न झालेलं असतं आणि पोरं त्याचीच असतात. तुम्ही दोघं जास्त अस्सल आहात.

या जातकुळीचा मूळपुरुष वेगळाच आहे. किंवा मूळ स्त्री म्हणा, कारण लिहिणारी आणि दिग्दर्शन करणारी बाईच होती. १९८५चा फ्रेंच सिनेमा, इंग्रजीत नाव ‘थ्री मेन अँड अ क्रेडल’, दिग्दर्शिका कोलिन सेरो. पॅरिसमध्ये एका ऐसपैस फ्लॅटमध्ये तीन मित्र राहतात, दारात टोपलीत बाळ येतं. फ्रान्समध्ये एक कोटीच्या वर तिकिटं खपली, तिकडच्या सेझार पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. दोनच वर्षांत, १९८७मध्ये अमेरिकेनं त्याचा ‘थ्री मेन अँड अ बेबी’ केला. दिग्दर्शक कोण, तर लेनर्ड निमॉय. ‘स्टार ट्रेक’मधला टोकदार कानांचा स्पॉक! त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त धंदा याच सिनेमानं केला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या दोन सिनेमांच्या फरकात दिसतं. अमेरिकन आवृत्तीत लंगोटाचे विनोद जोरात आहेत आणि शेवट गोड. आईलाच म्हणतात, तूही इथंच राहायला ये. फ्रेंच सिनेमात हसू आहे, पण पोटात जाग्रण आहे. तिघं झोपेवाचून कावतात, एकमेकांवर ओरडतात. आई बाळ घेऊन जाते तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं, तर घर खायला उठतं. आणि शेवटी आई परत येते, दमून चेंदामेंदा झालेली, आणि बाळाच्या पाळण्यातच पाय पोटाशी घेऊन झोपते. सिनेमा बावळट पुरुषांवर सुरू होतो आणि त्या झोपलेल्या बाईवर संपतो. पुढच्या नकलांनी लंगोट उचलला, पाळणा तिथंच ठेवला.

मराठीत १९८९चा ‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’ आहेच. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे. त्यात काय शोधायचंय, त्या दोघांनी नुसतं एकमेकांकडे बघितलं तरी काम होतं.

आणि तुमच्या वयाचा नायक हवा असेल तर ‘फादर गूस’ (१९६४). कॅरी ग्रँट साठीचा होता तेव्हा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या एका बेटावर एकटा राहणारा, दाढी वाढलेला, दारू पिणारा माणूस. नौदलानं त्याला जपानी विमानांवर नजर ठेवायला बसवलंय. तो काम टाळेल म्हणून त्याच्या व्हिस्कीच्या बाटल्या बेटभर लपवून ठेवल्यात. एक विमान खरं दिसलं की वायरलेसवरून एका बाटलीचा ठावठिकाणा! अशा माणसाच्या गळ्यात एक शिक्षिका आणि शाळकरी मुली पडतात. त्याला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. स्वतः ग्रँटला मात्र अभिनयाचं ऑस्कर कधी मिळालं नाही, १९७०मध्ये मानाचं दिलं तेवढंच. थोरलीला आवडेल. धाकटा मध्येच झोपेल, म्हणजे तुमचं दोन्हीकडून काम झालं.


पत्रिकावाला | दुपारी २:४०

रीळवेडा, ‘तुम्ही दोघं जास्त अस्सल आहात’ हे दादाला वाचून दाखवलं. “सर्टिफिकेट देतात का विचार,” म्हणाला.

निळीशाई, किल्ला सुरू केलाय. पण दादा करतोय आणि पोरं हेल्पर आहेत. त्यानं आधी वहीवर प्लॅन काढला. तटाची उंची, बुरुजाचा घेर. मग स्पिरिट लेव्हल आणली. धाकट्यानं एक बुरूज लाथेनं पाडला, तर याचा चेहरा बघण्यासारखा! आयटीआयत पोरांनी जॉब बिघडवला की जसा व्हायचा तसाच. दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, “बरोबर आहे, पाया कच्चा होता.”

आता एक अडचण. नदीकाठची काळी माती आणलीय. वाळली की भेगा पडताहेत. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.


गिरगावची_नात | दुपारी ४:०५

काळ्या मातीत भाताचा भुसा नाहीतर बारीक चिरलेला काथ्या मिसळा आणि वरून पोतं ओलं करून टाका. सावकाश वाळू द्या.

सिनेमाचं म्हणाल तर मी वयानं तुमच्या दादांच्याही पुढची, तेव्हा जुनंच सांगणार. आम्ही गिरगावात चाळीत वाढलो. दोन खोल्या, आठ माणसं, आणि त्यात बाबांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णाकाका. बिनलग्नाचे. गिरणीच्या ऑफिसात कारकून. काका सहाला घरी आले की आम्ही चार भावंडं त्यांच्या ताब्यात. पाढे, पावकी-निमकी, परवचा. माझा शाळेचा झगा रात्री पाणी शिंपडून, घडी घालून त्यांच्या गादीखाली जायचा आणि सकाळी कडक इस्त्री होऊन निघायचा. कूस बदलली की प्लेट मोडते म्हणून ते रात्रभर एका अंगावर झोपतात असं आई सांगायची. खरं-खोटं देव जाणे.

त्यांना कुणी ‘बघा हो, पुरुष असून मुलं सांभाळतो’ म्हटलं नाही आणि कुणी हसलंही नाही. अशी माणसं प्रत्येक मजल्यावर एक-दोन होतीच. कुणी कुणाचे मामा, कुणी कुणाचे काका. तेव्हा पत्रिकावाले, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की तीन खोल्यांत एकटा राहणारा माणूस आधी असावा लागतो, तेव्हा त्याच्या दारात बाळ ठेवण्यात विनोद होतो. आमच्या चाळीत दारात बाळ ठेवलं असतं तर काकांनी आधी विचारलं असतं, कितव्या खोलीतलं आहे?

त्यांनीच आम्हाला १९६८मध्ये ‘ब्रह्मचारी’ दाखवला. शम्मी कपूरनं घरभर अनाथ पोरं गोळा केलेली आणि खिशात दमडी नाही. तो काही तेव्हा उतारवयाचा नव्हता, छत्तिशीचा, पण तुमच्या पोरांना दाखवाच. रफीचं ‘मैं गाऊँ तुम सो जाओ’ लागलं की माझा धाकटा भाऊ खरंच काकांच्या मांडीवर झोपला होता. शम्मीला त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. त्या गाण्यासाठी शैलेंद्रलाही मिळालं, पण तो बिचारा १९६६च्या डिसेंबरातच गेला होता. हे मला फार पुढे कळलं. आता ते गाणं लागलं की दोन माणसं आठवतात, एक लिहिणारा आणि एक एका अंगावर झोपणारा.

ता.क. धाकट्याला सांगा, तुम्हाला रागवायला मी आहे.


टेक्सासचा_पाहुणा | रात्री ८:३०

तुमच्या दादांबद्दल वाचताना मला एकच सिनेमा आठवत होता, आणि तो अजून कुणीच कसा सांगितला नाही! ‘सेकंडहँड लायन्स’ (२००३). गोष्ट टेक्सासमधली आहे, पण मी इथं राहतो म्हणून शिफारस करतोय असं समजू नका. मी तो पहिल्यांदा नाशकात बघितला होता.

रॉबर्ट डुव्हाल आणि मायकेल केन हे दोघं म्हातारे भाऊ. रानात मोडकं घर. दुपारभर ओसरीवर बंदुका घेऊन बसतात आणि फिरते विक्रेते आले की त्यांच्यावर गोळ्या झाडतात. तीच त्यांची करमणूक. एक दिवस चौदा वर्षांच्या वॉल्टरला त्याची आई त्यांच्या दारात टाकून जाते. हा मुलगा म्हणजे ‘सिक्स्थ सेन्स’मधला हेली जोएल ऑस्मेंट.

बाकीच्या सिनेमांत पोरं येतात आणि म्हातारे सुधारतात. कोट टाकतात, जेवण करायला शिकतात, शेवटी कुणाच्या तरी प्रेमात पडतात. हे दोघं अजिबात सुधारत नाहीत! उलट मुलगाच शहाणपणानं त्यांना हळूच वळवतो. एकदा तो म्हणतो, एखादा विक्रेता काय विकतोय ते तरी बघा. मग ते बी-बियाणं घेतात, बागकामाला लागतात. बिया वेगवेगळ्या म्हणून पेरल्या आणि सगळं उगवतं ते मका. शिकारीसाठी सिंह मागवतात, तर पिंजऱ्यातून निघते एक थकलेली सिंहीण. तिला बाहेर यायचाही उत्साह नाही. मग कसली शिकार! ती त्या मक्याच्या शेतात राहायला लागते. मुलगा तिची काळजी घेतो आणि म्हातारे मुलाची, पण ‘काळजी’ हा शब्द तिथं कुणी उच्चारत नाही.

शेवट सगळा सांगत नाही. पण मुलगा त्यांच्याकडे कायमचा राहायला येतो तेव्हा अट घालतो, मी कॉलेजात जाईपर्यंत तुम्ही जिवंत राहायचं, जिवावरचे उद्योग बंद. म्हातारे विचार करून कबूल होतात.

थोरलीला दाखवा, पण मारामारी आणि सिंहिणीचा शेवटचा प्रसंग आहे, तेव्हा आधी तुम्ही बघून घ्या. साडेचार वर्षांच्याला नको.


निळीशाई | रात्री ९:१०

पाहुणे, मला ती अट वाचूनच भरून आलं. आज बघते.

थोडं हलकं : ‘थ्री मेन अँड अ बेबी’ लावाल तर खिडकीकडे लक्ष ठेवू नका. एका प्रसंगात पडद्यामागे एक मुलगा उभा दिसतो आणि तो त्या घरात मेलेल्या पोराचं भूत आहे अशी अफवा होती. आमच्या हॉस्टेलवर व्हीसीआर मागेपुढे करून बघितलं होतं, रात्री बाथरूमला तिघी तिघी जायचो.


रीळवेडा | रात्री ९:२२

ते टेड डॅन्सनचं पुठ्ठ्याचं चित्र होतं, उंच टोपी घातलेलं. त्याचं पात्र नटाचं असतं, त्याच्या जाहिरातीचं. ज्या प्रसंगासाठी केलं तो कापला गेला आणि पुठ्ठा राहिला. शिवाय ते घरच नव्हतं. टोरांटोत स्टुडिओत उभारलेला सेट होता, तिथं कुणी मरायला आधी कुणी राहायला नको का? तुमची झोप तीस वर्षं उशिरा परत करतोय.


पत्रिकावाला | नऊ दिवसांनी, रात्री १०:४५

मंडळी, उशिरा लिहितोय. पोरं काल गेली. सासूबाई वॉकर धरून चालायला लागल्या.

हिशेब देतो. ‘ब्रह्मचारी’ दोनदा झाला, गाण्याला धाकटा दोन्ही वेळा झोपला. गिरगावच्या ताई, नोंद घ्या. ‘बाळाचे बाप’ला थोरली म्हणाली, “हे दोघं तुमच्यासारखेच भांडतात.” ‘फादर गूस’ अर्धा राहिला, कारण पोरांनी लगेच खेळ काढला. दादाचा चष्मा, किल्ल्या, तंबाखूची डबी घरात लपवायची आणि अंगणात चिमणी दिसली की एकेक जागा सांगायची. डबी अजून सापडलेली नाही. भाची फोनवर म्हणाली, “मोठ्या मामाची तंबाखू सुटली तर मी त्या सिनेमावाल्याला पेढे पाठवीन.” सुटलेली नाही. तो टपरीवर जातो आणि मला कळत नाही असं त्याला वाटतं.

‘सेकंडहँड लायन्स’ आम्ही दोघांनी पोरं झोपल्यावर आधी बघितला, सांगितल्याप्रमाणे. अटीचा प्रसंग आला तेव्हा दादा म्हणाला, “थोरली कॉलेजात जाईल तेव्हा मी किती वर्षांचा?” मी म्हटलं, “त्र्याहत्तर.” त्यानं मान हलवली, म्हणाला, “बसतंय.” आणि शिडी लावून रात्रीची गोळी घेऊन आला.

भाऊबीजेचं एक सांगतो. ताई गेल्यापासून आमच्याकडे पाट मांडला नव्हता. त्या दिवशी थोरलीनं धाकट्यासाठी पाट मागितला आणि मग आणखी दोन मागितले. माळ्यावरून काढले, धूळ होती, पुसले. ओवाळताना तिनं आमच्या दोघांच्या कपाळाला कुंकू इतकं लावलं की संध्याकाळी छापखान्यात गिऱ्हाईकानं विचारलं, “काय हो, स्वतःचीच पत्रिका छापताय का?”

हो, आणि छापखान्यातल्या रद्दी कार्डांच्या मागे तिनं शाईनं पत्रिका काढल्यात, एकूण अकरा. वधू नाही, मुहूर्त नाही, फक्त ‘आमच्या आजोबांच्या किल्ल्याला यायचं हं’. गल्लीत वाटल्या. नऊ माणसं बघायला आली, त्यातली दोन नुसती चहाला.

काथ्याचा उपाय लागू पडला, तट धरलाय. पोरं गेल्यावर किल्ला पाडून अंगण सारवायचं ठरलं होतं. आज सकाळी मी कुदळ काढली तर दादा झारी घेऊन उभा. डोंगरावर पेरलेली मोहरी आता कुठं उगवायला लागलीय. “गेले तेव्हा उगवली नव्हती, फोटो पाठवायचाय,” म्हणाला. बारा दिवस असूनही पोरांना हिरवा डोंगर बघायला मिळाला नाही, कारण आम्ही पेरायला उशीर केला.

कुणीतरी सांगितलं, मोहरीपेक्षा हळीव लवकर उगवतं. खरं का? आणि किती दिवस आधी पेरायचं? पुढच्या वर्षीसाठी विचारतोय.


गिरगावची_नात | रात्री ११:३०

हळीव तीन-चार दिवसांत हिरवं दिसतं. रात्री भिजवा, बुळबुळीत झालं की तसंच मातीला थापा, डोंगराच्या उतारावरूनही घसरत नाही. वसुबारसेच्या तीन दिवस आधी पेरा. आणि डबी तांदळाच्या डब्यात बघा. आम्ही काकांची तिथंच ठेवायचो.